सात किलोंचे अप्पा

परदेशवारी ठरली की बाकीची मंडळी व्हिसा, थर्मल आणि गुडघ्याच्या पट्ट्यांच्या मागे लागतात. अप्पा पलंगावर सोलापुरी चादर दुहेरी अंथरतात आणि तिच्यावर लेन्स मांडून बसतात. पंखा बंद, कारण धूळ उडते. बाहेर मे महिना, पारा बेचाळीसच्या वर.

बँकेतनं रिटायर झालेला, अंगात खिसेवालं जाकीट घालणारा असा एक अप्पा सोलापूरच्या कुठल्याही सोसायटीत सापडतो. सिद्धेश्वराच्या जत्रेला, म्हणजे गड्ड्याला, तर तो हमखास दिसणार. लोक हात जोडतात, हा गुडघ्यावर बसून सेटिंग बदलत असतो. मिरवणूक पुढं निघून जाते आणि मागून पोलिसाची शिट्टी येते.

अप्पांच्या लेन्स उगाच घेतलेल्या नाहीत, प्रत्येकीला सबळ सोलापुरी कारण आहे. १६-३५ घेतली ती मिरवणुकीतले सातही नंदीध्वज एका फ्रेममध्ये मावावेत म्हणून. मावले खरे, पण काडेपेटीतल्या काड्यांएवढे. १०० ची मॅक्रो घेतली चादरीची वीण टिपायला. १५०-६०० ही दोन किलोंची तोफ नान्नजच्या माळढोकासाठी. तिथलं अभयारण्य १९७९ चं, तोफ परवाची. मधल्या काळात माळढोक इतका दुर्मीळ झाला, की अप्पांना तो अजून दिसलेला नाही. काळविटांचे फोटो मात्र एवढे निघालेत, की त्यांतली दोन-चार आता अप्पांना नावानिशी ओळखत असतील.

आता प्रश्न पॅरिस आणि स्वित्झर्लंडचा. केबिन बॅगेला सात किलो. लेन्स चेक-इनमध्ये टाकायची नाही, हा अप्पांचा कुळाचार. नातवाच्या स्प्रिंगकाट्याला बॅग टांगली की काटा नऊच्या पुढं जातो. मग सुनावणी सुरू होते.

"आयफेल टॉवर ३३० मीटर. खालून घ्यायचा तर वाइड लागणारच."

"मग दुसरी कशाला?" काकू.

"वाइडनं टॉवर मागं कलल्यासारखा दिसतो. सरळ हवा तर नदीपलीकडं जाऊन घ्यावा लागतो, तिथं ७०-२०० लागते. शिवाय टेलीनं मागचा आल्प्स पुढं ओढल्यासारखा येतो, गावाच्या अगदी डोक्यावर."

"टूरवाल्यांनी टॉवरला पाऊण तास दिलाय. त्यात बाथरूमची रांग आहे."

काकूंचा स्वतःचा दावा दाखल आहेच: शेंगा चटणी दीड किलो आणि कडक भाकरीची दोन पाकिटं. ७०-२०० चं वजनही नेमकं दीड किलोच्या आसपास, हा योगायोग त्यांनी काट्यावर टाकून सगळ्यांना दाखवला. सासरी-माहेरी कुणीही युरोपात उपाशी राहू नये, या बाबतीत त्या कायम दक्ष.

संध्याकाळी शेजारी चहाला आले की अप्पांचं तत्त्वज्ञान वेगळंच असतं. "कार्तिए-ब्रेसाँ घ्या. जन्मभर मुख्यतः एक लायका आणि ५० ची लेन्स. १९४८ साली गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले त्या माणसानं! खरा फोटोग्राफर पायांनी झूम करतो ओ." हे सांगताना अप्पा खुर्चीतून उठत नाहीत. शेजारी गेले की ब्रेसाँही जातो आणि तोफ पुन्हा बॅगेत शिरते. एकदा त्यांनी दोन लेन्स जाकिटाच्या खिशात घालून घरात चालूनही पाहिलं; विमानवाले बॅग तोलतात, माणूस तोलत नाहीत, हा त्यांचा हिशेब. पंखा बंदच. दहा मिनिटांत काकूंनी लिंबू सरबत आणलं आणि जाकीट काढून घेतलं.

निकाल लागला तो भलत्याच कागदावरून. परत येताना भारी सामानावर ड्यूटीची कटकट नको म्हणून निघतानाच विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येतं. त्यासाठी यादी लागते: मॉडेल, सिरियल नंबर आणि सोबत बिलं. काकूंचं अक्षर चांगलं. अप्पांनी उत्साहाच्या भरात फाइलच त्यांच्या हातात दिली आणि चष्मा शोधायला आत गेले.

तोफ 'जुनी, एका मित्रानं जवळजवळ फुकटात दिलेली' होती. बिल दुकानाचं निघालं, अप्पांच्या नावाचं, बारा हप्त्यांचं. १६-३५ ची घरी सांगितलेली किंमत म्हणजे नुसता जीएसटी होता. मॅक्रो तर 'बक्षीस' मिळालेली. काकू काही बोलल्या नाहीत. प्रत्येक आकड्यापुढं पेन्सिलीनं तोळे मांडत गेल्या. अप्पा चष्मा घालून आले, त्यांनी कागद पाहिला आणि चष्मा काढला.

"ही पन्नासची न्या," काकू फाइल मिटत म्हणाल्या. "हिचा तेवढा आकडा खरा निघाला. आणि काटा द्या इकडं, चटणी अडीच किलो घेते."