अप-डाऊनवाला

जालना जिल्ह्यात कॉलेजात जाणारी पोरं दोन तऱ्हेची. एक जालन्यात खोली करून राहणारी आणि दुसरी रोज गावाहून जाऊन-येऊन करणारी. खोलीवाल्यांचं कौतुक पुष्कळ होतं. मेसची पाणचट आमटी, घरमालकाची कटकट, रात्री दोनला शिजवलेली खिचडी यांवर गॅदरिंगमध्ये नकला होतात, टाळ्या पडतात. जाऊन-येऊन करणाऱ्यावर कुणी बोलत नाही, कारण तो जागेवर सापडेल तर ना! कॉलेजात शोधाल तर तो स्टँडवर, स्टँडवर शोधाल तर गाडीत, आणि गाडीत शोधाल तर कुणाच्या तरी गाठोड्यामागे दारात एका पायावर उभा. त्याला अप-डाऊनवाला म्हणतात. शिक्षण विचारलं तर तो ‘बी.ए. सेकंड इयर’ सांगतो. उद्योग विचारला तर ‘अप-डाऊन’ हेच खरं उत्तर.

त्याच्या अप-डाऊनचा निर्णय घरच्या बैठकीत अर्ध्या मिनिटात झालेला असतो. एका बाजूला खोलीचं भाडं, मेस, लाइटबिल आणि शहरात गेल्यावर फुटणारी शिंगं. दुसऱ्या बाजूला एसटीचा विद्यार्थी पास, म्हणजे एक-तृतीयांश भाड्यात महिनाभर जा-ये. बाप जरा विरघळायला लागतो, तेवढ्यात आजी विचारते, “आन् म्हशीची धार कोन काढंल?” बैठक बरखास्त. म्हशीमुळे जिल्ह्यातले किती विद्यार्थी वसतिगृहाला मुकले, यावर एखादा प्रबंध व्हायला हरकत नाही; फक्त तो लिहिणाराही धार काढूनच यायचा.

या पोरांचं उच्च शिक्षण उभं आहे ते मुक्कामी गाडीवर. जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद ही जिल्ह्यातली एसटीची चार आगारं. तिथून संध्याकाळी निघालेली गाडी एखाद्या आडगावात रात्री मुक्काम करते आणि सकाळी तीच पोरांना घेऊन परत निघते. म्हणून कॉलेज भरणार की नाही, हे अप-डाऊनवाल्याला आदल्या रात्रीच कळतं. अंथरुणावर पडून तो कान देऊन असतो. नऊ-साडेनऊला वेशीवरच्या चढाला गिअर बदलल्याचा आवाज आला, की उद्या कॉलेज आहे. आवाज आला नाही, की सुट्टी. प्राचार्यांची सही, शिक्का, नोटीस बोर्ड यांतलं काही लागत नाही. आई चुलीपाशी एवढंच विचारते, “आली का रं गाडी?” आणि उत्तरावर सकाळच्या डब्याचं पीठ ठरतं.

एसटीचा संप २०२१च्या अखेरीस सुरू झाला आणि २०२२च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. तेव्हाचे अप-डाऊनवाले आज त्या काळाबद्दल जुन्या सैनिकासारखे बोलतात. काळी-पिवळीत चौदावा माणूस कसा बसतो, हे त्यांना त्या वर्षी कळलं. पंधरावा म्हणून तेच बसले होते.

गाडीत त्याचा दर्जा ठरलेला आहे, आणि तो सगळ्यांत खालचा. २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, त्याच्या आदल्या वर्षीपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. म्हणून सकाळच्या गाडीत अर्धतिकीटवाले, बिनतिकीटवाले आणि पासवाले यांचीच दाटी. कंडक्टर पूर्ण तिकिटाचा एक माणूस शोधत गाडीच्या टोकापर्यंत जातो आणि सापडला की त्याला “या साहेब” म्हणतो. पासवाल्याला तो काही म्हणत नाही. पासवाला उठून म्हातारीला जागा देतो, म्हातारी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवते, पिशवीला जागा मिळते, आणि हा दांड्याला धरून जालन्यापर्यंत मोबाइलवर नोट्सची पीडीएफ वाचतो. त्याच्या आयुष्यातला सलग अभ्यास एवढाच. गतिरोधकावर त्याच्या ज्ञानात खंड पडतो. म्हणून पेपरात तो उत्तर कुठून तरी मध्येच सुरू करतो, याचं परीक्षकांनी वाईट वाटून घेऊ नये.

संध्याकाळी मात्र तोच राजा. जालना स्टँडवर गाडी फलाटाला लागायच्या आत, ती मागं येत असतानाच, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात त्याचा हात धरणारा नाही. या रुमालाचा एक अलिखित कायदा आहे. रुमाल असेल तर जागा पक्की. वही असेल तर भांडण. नुसता पेपर असेल तर तो वाचून बाजूला ठेवायचा आणि बसायचं. सॅक टाकली तर जागा मिळते, पण गाडी भलतीच निघाली तर सॅक मंठ्याला जाते आणि मालक भोकरदनला. असं प्रत्येक बॅचमध्ये एकदा तरी होतं आणि मग परीक्षेपर्यंत त्या पोराचं नाव ‘मंठा’ पडतं.

राजूर मार्गावरच्या अप-डाऊनवाल्याला विद्यापीठाच्या वेळापत्रकाआधी कालनिर्णय पाहावं लागतं. अंगारकी चतुर्थी असली की राजूरच्या गणपतीला लोटणाऱ्या गर्दीसाठी जादा गाड्या सुटतात. त्या जादा गाड्या येतात कुठून, तर पोरांच्या रोजच्या गाड्यांतून. त्या दिवशी जालन्याहून राजूरकडे रात्रीपासून माणसं पायी निघालेली असतात, आणि आपला विद्यार्थी राजूरकडून जालन्याकडे, म्हणजे भाविकांच्या उलट्या दिशेनं, फाट्यावर हात करत उभा. अंतर्गत चाचणी नेमकी त्याच दिवशी असते. उशिरा पोचल्यावर तो सरांना कारण सांगतो, “सर, अंगारकी.” सर मान डोलावतात. गणपतीनं विघ्न आणलं, हे लेखी मागता येत नाही.

सर मान डोलावतात, कारण अप-डाऊन ही विद्यार्थ्यांची मक्तेदारी नाही. बरेचसे प्राध्यापक छत्रपती संभाजीनगरहून येतात. साठेक किलोमीटरचं अंतर. फ्लॅटचे हप्ते तिकडे, मुलांच्या शाळा तिकडे, पगार फक्त इकडे. सरांची रेल्वे पश्चिमेकडून येणार, पोरांच्या एसट्या उरलेल्या दिशांनी. सगळ्या गाड्या वेळेवर असल्या तर साडेअकरा ते दीडच्या दरम्यान गुरू आणि शिष्य एका छताखाली सापडतात. या दोन तासांनाच पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रम म्हणतात.

दोघांमध्ये त्यामुळे एक न बोललेला समजुतीचा करार असतो. सर उशिरा आले तर पोरं प्राचार्यांकडे जात नाहीत. पोरं उशिरा आली तर सर पंच्याहत्तर टक्के हजेरीचा विषय काढत नाहीत. तास चालू असताना दोघांचीही नजर भिंतीवरच्या एकाच घड्याळाकडे असते. ‘आता एक महत्त्वाचा मुद्दा राहिला, तो उद्या’ असं सर म्हणाले की समजावं, क्रॉसिंग नसल्यामुळे आज रेल्वे वेळेवर आहे. ३० डिसेंबर २०२३ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली, तेव्हा गावभर आनंद झाला. परतूरकडून रेल्वेनं येणाऱ्या पोरांनी एवढंच विचारलं, “पास चालतो का?” चालत नाही म्हटल्यावर त्यांनी ती गाडी फलाटावरून पाहिली, तिच्यासोबत सेल्फी काढला आणि पोरं पॅसेंजरची वाट बघत बसली.

त्यातच २०२४-२५पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम कॉलेजात आला. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस. सूचना फलकासमोर उभं राहून अप-डाऊनवाल्यानं सवयीनं विचारलं, “ओई कितव्या फलाटावर?” बाकी धोरण त्याला मनापासून पटलं. हवं तेव्हा शिक्षणातून बाहेर पडा, हवं तेव्हा परत या, असं त्यात म्हटलं आहे. हे तो सोमवार ते शनिवार करतोच आहे. त्याची तक्रार एकच, क्रेडिटच्या हिशेबाची. वर्गात बसून ऐकलेल्या पंधरा तासांना एक क्रेडिट मिळतं. प्रवासाचे रोजचे तीन तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर महिन्याला पाच क्रेडिटं रस्त्यावर सांडतात. ती कुणी जमा करून घेत नाही.

आता त्याच्या सॅकेत डोकावू. दोनशे पानी वही एकच. पुढून मराठी, मागून राज्यशास्त्र, मध्ये दूध डेअरीचा हिशेब. डब्यात भाकरी आणि ठेचा. पाण्याची बाटली. त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत आधार कार्डाच्या झेरॉक्स, त्यातली त्याची एक आणि गल्लीतल्यांच्या अकरा. आईचं पासबुक, चुलत्याचा सातबारा, आजोबांच्या डोळ्यांच्या थेंबांची चिठ्ठी, जळलेल्या मोटारीचं बेअरिंग कागदात गुंडाळून, आणि ‘अस्संच आन’ म्हणून दिलेलं ब्लाउजचं अस्तर. पुस्तक नाही. पुस्तकाला जागा कुठाय?

कारण गावाच्या लेखी तो कॉलेजला जात नाही, जालन्याला जातो. सकाळी फाट्यावर पोचेपर्यंत चार दारांतून एकच वाक्य ऐकू येतं, “जालन्याला चाललाच हाईस तर...” पुढे काहीही असू शकतं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण मोंढ्यात आज काय भाव निघाला हे मानांकनावर छापलेलं नसतं. ते विचारून यायचं. तहसीलला उत्पन्नाचा दाखला तयार झाला का बघायचं. बँकेत खातं कामून बंद पडलं ते विचारायचं. १९६४मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी इथं सुरू केली, तेव्हापासून जालना हे बियाण्यांचं गाव. त्यामुळे बियाणं आणायचं कामही त्याच्याकडेच, आणि उन्हाळी परीक्षेचे पेपर व कपाशीच्या बियाण्याची खरेदी नेमकी एकाच आठवड्यात येतात. पेपर देऊन पोरगं परत आलं की पेपर कसा गेला, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, “भेटलं का बियाणं?”

मोबाइल आल्यापासून तर गावचं निम्मं तलाठी कार्यालय त्याच्या खिशात आहे. ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभं राहून रेंज शोधत कपाशीचा फोटो तोच काढतो. गल्लीतल्या बायांकडे स्वतःचा मोबाइल नव्हता, म्हणून आधारला नंबर लावला तो याचाच. पुढे ‘लाडकी बहीण’ योजनेचं केवायसी निघालं आणि ओटीपी येऊ लागले भर तासाला. वर्गात मोबाइल बंद ठेवायचा नियम आहे, पण याचा मोबाइल बंद झाला तर आठ घरचं केवायसी अडतं. सर फळ्याकडे वळले की हा बाकाखालून हळू आवाजात सहा आकडे सांगतो, पलीकडून मावशी चिडते, “मोठ्यानं बोल की!” आणि सगळा वर्ग ओटीपी ऐकतो.

एवढ्या लोकांचे फॉर्म बिनचूक भरणाऱ्याचा स्वतःचा शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र महाडीबीटीवर दरवर्षी ‘दुरुस्तीसाठी परत’ येतो. दाखल्याची मुदत संपलेली असते. दाखला काढायला तहसीलला गेला त्या दिवशी त्यानं दुसऱ्यांचे तीन आणले आणि स्वतःचा विसरला.

राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर ही त्याची एकमेव सहल. एकदा ते नेमकं त्याच्याच गावात निघतं. शहरातली पोरं विहीर बघून हरखतात, म्हशीसोबत फोटो काढतात. हा सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन स्वतःच्या घरासमोर उभा राहतो आणि आईला विचारतो, “कुटुंबातील एकूण सदस्य?” आई म्हणते, “तुला ठावं नाय का?” तो म्हणतो, “तसं नसतं. तू सांगायचं, म्या लिहायचं.” कॉलेजनं शिकवलेल्या गोष्टींपैकी ही एक त्याला पुरती समजली आहे.

त्याच्या रोजच्या गाडीत पुढच्या चार सीटांवर मुली बसतात. त्यांच्या अप-डाऊनवर विनोद करायला फारसा वाव नाही. बारावीपर्यंत सरकार मुलींना पास फुकट देतं, पुढे नाही. पोराची शेवटची गाडी चुकली तर तो ट्रॅक्टरवर, टेम्पोत, दुधाच्या गाडीत, कसाही घरी येतो आणि चार शिव्या खाऊन जेवतो. मुलीची गाडी एकदा चुकली तर दुसऱ्या दिवशीपासून कॉलेज बंद होतं. आगारात कुणीतरी ‘उत्पन्न कमी’ म्हणून साडेपाचची फेरी रद्द करतो, आणि एका गावातल्या तीन मुलींची पदवी त्या कागदावर खोडली जाते. अप-डाऊनवाल्याला हे नीट माहीत असतं. संध्याकाळी रुमाल टाकून तो ज्या जागा धरतो, त्यातल्या निम्म्या या मुलींसाठी असतात. विचाराल तर लाजून म्हणेल, “गावच्याच हायेत.”

तीन वर्षांनी तो बी.ए. होतो. कसा होतो, हे विद्यापीठालाही सांगता येणार नाही. गावात पेढे वाटले जातात. पण पेढा तोंडात असतानाच सगळ्यांच्या लक्षात येतं की आता पास बंद. मोंढ्याचा भाव कोण आणणार? दाखले, बेअरिंगं, थेंब, केवायसी? भाऊबंदकीच्या दाव्यात वीस वर्षं समोरासमोर उभे असलेले दोन चुलते पहिल्यांदा एकमतानं म्हणतात, “पोरानं पुढं शिकावं.” आजी म्हशीकडे बघून होकार देते.

दुसऱ्या दिवशी तो कॉलेजच्या ऑफिसात खिडकीशी उभा असतो. आत क्लार्क टेबल आवरत असतो.

“सर, एम.ए.ला ॲडमिशन घ्यायचं.”

“विषय?”

“साडेचारच्या आत सुटणारा कोणता आहे?”

क्लार्क घड्याळाकडे बघतो. त्यालाही बदनापूरची गाडी गाठायची असते. “सगळेच,” तो म्हणतो आणि खिडकी लावून घेतो.