श्ट्रोमभाऊ

जर्मनीत नव्यानं आलेल्या मराठी मुलाला घर मिळालं की पहिला फोन आईला जातो आणि दुसरा श्ट्रोमभाऊंना. श्ट्रोम म्हणजे वीज. भाऊंचं खरं नाव महाराष्ट्र मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर असेल, पण ते वाचायच्या फंदात कोणी पडत नाही. श्टुटगार्टात आमचे एक आहेत. म्युनिकला, फ्रँकफुर्टला वेगळे. चेहरे निराळे, एक्सेल शीट तेच.

भाऊ अभिनंदन वगैरे करत नाहीत. घाबऱ्या आवाजात विचारतात, "बटण दाबलंस का?"

घाबरण्याला कारण आहे. इथे विजेसाठी अर्ज करावाच लागतो असं नाही. नव्या घरात दिवा लावला की त्या भागातल्या मुख्य पुरवठादाराशी तुमचा करार आपोआप होतो. सही नाही, अंगठा नाही. आणि हा मूलभूत पुरवठा बहुतेक वेळा बाजारातल्या महागड्या पर्यायांपैकी असतो. तसं दिवा लावणंही सोपं नाही म्हणा. इथले भाडेकरू घर सोडताना दिवे तर नेतातच, पुष्कळदा ओटा-सिंकसकट अख्खं स्वयंपाकघर उचकटून नेतात. छतातून वायरी लोंबतायत आणि खाली बॅग धरून आपला पोरगा उभा.

"नाही हो भाऊ, दिवेच नाहीत इथे. फक्त मोबाइल चार्जिंगला लावलाय."

"झाला करार!" भाऊ कपाळावर हात मारतात. तो फोनवरसुद्धा ऐकू येतो. मग स्वतःच धीर देतात, की दोन आठवड्यांच्या नोटिशीवर यातून सुटता येतं, घाबरू नकोस, शनिवारी येतो, पोहे कर. ओटा नाही म्हटल्यावर पोहे घरून आणतात.

शनिवारी भाऊ आधी घर बघत नाहीत, तळघर बघतात. तिथे भिंतीवर सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर ओळीनं लावलेले. त्यातला आपला कुठला, हे घरमालकाच्या शब्दावर भाऊ कधीच सोडत नाहीत. पोराला वर पिटाळतात आणि खालून फोनवर ओरडतात, "किटली लाव!" जुन्या काळ्या मीटरांतल्या चकत्या संथ फिरत असतात, त्यातली एक एकदम धावू लागते. "हा बघ तुझा!" पोरगा वर, बघणार कसा? पण भाऊंचा आनंद अडत नाही. "आता बंद कर, पैसे पडतायत!" मग रीडिंग. लाल चौकटीतला शेवटचा आकडा दशांशाचा, तो सोडायचा, नाहीतर दहापट बिल येतं. मीटरचा नंबर आणि रीडिंग एकाच फोटोत आलं पाहिजे. ताबापत्रावर तोच आकडा घालून घरमालकाची सही घेतल्याशिवाय भाऊ तळघरातून हलत नाहीत.

मग उलटतपासणी सुरू होते. "लग्न कधी करतोयस?" आपल्याकडे हा प्रश्न काका लोक उगीच विचारतात, भाऊंना मात्र वर्षाचे युनिट काढायचे असतात. एकटा असशील तर १५०० धर, दोघांचे २५००. "आईबाबा येणार? ९० दिवसांच्या व्हिसावर? मग आणखी २०० टाक, आई पुरणपोळ्या करणारच." शेवटी ते न्हाणीघरात शिरतात आणि भिंतीवरची पांढरी पेटी बघून गंभीर होतात. ही पेटी वाहतं पाणी जागच्या जागी विजेवर तापवते. २१ किलोवॅट. आपल्याकडचा गिझर असतो दोन-तीनचा. दहा मिनिटं शॉवर घेतला तर साडेतीन युनिट. युनिटला ४० सेंट धरले तर एक युरो ४० सेंट, म्हणजे अंघोळीला सव्वाशे-दीडशे रुपये. "अथर्वशीर्ष म्हणायची सवय असेल तर आधी नळ बंद करायचा," भाऊ सांगतात. "देवाला काही वाटत नाही."

त्यानंतर लॅपटॉप उघडतो. दरांची तुलना करणाऱ्या वेबसाइटवर नवं गिऱ्हाईक म्हणून मिळणारा बोनस वजा करून आकडे दाखवलेले असतात, म्हणून पहिल्या वर्षी सगळंच स्वस्त दिसतं. भाऊ आधी बोनसची खूण काढतात आणि यादी उलटीपालटी होते. दरमहाचा हप्ता कमी दिसला म्हणून खूश झालेल्या पोराला ते तिथेच गप्प करतात: हप्ता म्हणजे नुसती उचल, खरा हिशेब वर्षाअखेरीला होतो आणि तेव्हा रडायला येतं. एक वर्षाची दरहमी घ्यायची, बोनस पदरात पाडून घ्यायचा आणि मुदत संपायच्या आत नोटीस देऊन कंपनी बदलायची. त्यासाठी भाऊंच्या फोनमध्ये दुसऱ्यांच्या करारांचे गजर लावलेले आहेत. वहिनींचा वाढदिवस त्यात नाही, असं वहिनी म्हणतात.

जुनी पुणेकर मंडळी पानशेतच्या पुराबद्दल बोलतात तसे भाऊ २०२१ च्या हिवाळ्याबद्दल बोलतात. घाऊक बाजारात भाव भडकले आणि स्वस्त दर देणाऱ्या काही कंपन्यांनी पुरवठाच थांबवला. दिवे कोणाचे गेले नाहीत, कारण कायद्यानं लोक त्याच क्षणी आपोआप मुख्य पुरवठादाराकडे गेले. गेले ते पैसे. "माझा एकही माणूस त्यात नव्हता," भाऊ सांगतात. माणूस म्हणजे त्यांनी करार करून दिलेला. आणि जून २०२५ पासून कंपनी बदलण्याची तांत्रिक प्रक्रिया २४ तासांत होते, हे ऐकून सगळे खूश असताना भाऊ सुतकात होते. कारण त्याच नियमानं, राहायला आल्यावर सहा आठवड्यांपर्यंत मागच्या तारखेनं करार करायची मुभा गेली. "आता आळशी माणसाला वाचवायची सोयच राहिली नाही," म्हणाले.

या सगळ्यात ते आपल्याला वर्षाला शंभरेक युरो वाचवून देतात आणि स्वतःच्या गाडीचं पेट्रोल जाळतात. मोबदला विचारला तर रागावतात. मला वाटतं, प्रश्न पैशांचा नाहीच. बेकरीत भाऊ अजून पावाकडे बोट दाखवतात. ऑफिसात जर्मन सहकारी विनोद सांगतात तेव्हा ते अर्धा सेकंद उशिरा हसतात. पण करारातलं चार ओळींचं जर्मन वाक्य एका दमात वाचतात, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजीबाई विजेचा बाजार १९९८ साली खुला होऊनही अजून मूलभूत पुरवठ्यातच आहेत, हे कळलं तेव्हा भाऊंना जो आनंद झाला तो केवळ स्वदेशाच्या विजयाचा होता. त्यांनी आजींनाही समजावून पाहिलं. आजी म्हणाल्या, माझे यजमान गेले तेव्हा त्या कंपनीनं फार सुरेख पत्र लिहिलं होतं. भाऊ निरुत्तर झाले. एक्सेलमध्ये त्याला रकाना नाही.

सुट्टीत पुण्याला गेले की मात्र त्यांची पंचाईत होते. कोथरूडच्या घरी वीज एकाच कंपनीची, बदलणार कुठे? तरी वडिलांच्या हातातून बिल घेतात. पहिली १०० युनिटं स्वस्त आणि पुढे भाव चढत जातो, हे वाचून त्यांना जोर चढतो. वापर दोन मीटरांवर वाटता येईल का, यावर ते जेवण होईपर्यंत बोलतात. वडील शेवटी वैतागून म्हणाले, "अरे, दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जातेच की. तेवढी बचत आहे ना?"

भाऊंनी बिल पुन्हा उलगडलं, चष्मा वर सारला आणि विचारलं, "मग गुरुवारचा स्थिर आकार वजा करतात का?"