डॉलरकाका

अमेरिकेतल्या एडिसन गावी कुणाच्याही घरच्या जेवणात काका ओळखू येतात. बाकीचे पुरुष गुडघे आणि मॉर्टगेज यांवर बोलत असताना हे श्रीखंडाची वाटी सरकवून टेबलावर खिशातला वजनकाटा मांडतात. कारण यजमानांच्या शेजारीणबाई आजोबांच्या पेटीतला चांदीचा डॉलर घेऊन आलेल्या असतात.

बाई कौतुकानं लिबर्टीचा मुखडा दाखवतात. काका नाणं कडेनं धरून आधी पालथं करतात. गरुडाच्या खाली, डॉलर या शब्दाच्या जरा वर भिंग लावतात. तिथे ‘सीसी’ असेल तर नेवाडातलं कार्सन सिटी, ‘ओ’ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को.

“पण इथे तर काहीच नाही,” बाई म्हणतात.

“काही नसणं हीच फिलाडेल्फियाची खूण!”

वजन 26.73 ग्रॅम, नव्वद टक्के चांदी, लोहचुंबकाला दाद नाही. एवढं जमल्यावर काका सालाकडे वळतात आणि पत्रिकेत मंगळ निघाल्यासारखा चेहरा करतात. “एकवीस!” 1918 च्या कायद्यानं सत्तावीस कोटी डॉलर वितळवले गेले, मग 1921 मध्ये मॉर्गन या कलाकारानं घडवलेला हा डॉलर सतरा वर्षांनी पुन्हा पाडला, तो एकट्या फिलाडेल्फियात साडेचार कोटींच्या घरात. म्हणजे चांदीचा भाव, वर फार तर थोडं. बाईंच्या आजोबांची किंमतच जणू खाली येते.

1893 चं ‘एस’ निघालं असतं तर? ते एकच लाख पाडले होते. पण तेव्हाही काका आनंदले नसते. ते ‘एस’ मागून चिकटवलेलं तर नाही, हा संशय आधी. खऱ्या नाण्यांना दर्शनी बाजूचा ठसा एकच वापरलेला, त्यामुळे सालाचे आकडे कुठे बसतात ते ठरलेलं. हे सांगताना काका इतके रंगतात, की श्रीखंडाला पाणी सुटतं.

घरी मात्र काकांचा पराभव झालेला आहे. दिवाळीत काकूंनी त्यांचा 1881 चा डॉलर खायच्या सोड्यानं लख्ख घासून लक्ष्मीपूजनाला मांडला. “लक्ष्मीपुढे काळं नाणं ठेवतात होय?”

“अगं, तो सत्तरात चौसष्टाच्या प्रतीचा होता! आता तपासायला पाठवला तर डबीवर ‘साफ केलेला’ असं लिहून येईल!”

“मग खरं तेच लिहितील की.”

बाकीचे डॉलर बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. काका सुती हातमोजे घालून त्यांना अधूनमधून भेटून येतात. विकणार का, असं विचारलं तर दुखावतात. भाव सगळ्यांचे तोंडपाठ, पण आजवर विकलेला एकही नाही. घासलेला डॉलर तेवढा नातवाला क्रिकेटच्या टॉससाठी मिळाला.

“एक तरी कामाला आला,” काकू म्हणतात.