शुक्रवारी भिजवलेला रविवार

आमच्या सोसायटीत माझी जी काही पत आहे, ती उसळींवर उभी आहे. पार्किंगवरून कुणाचं वाजलं तर मध्यस्थीला मला बोलावत नाहीत, वार्षिक सभेत मी बोलायला उठलो की सेक्रेटरी मोबाइल बघू लागतात. पण पावसाळी सहल किंवा गणपतीतलं एकत्र जेवण ठरलं की हमखास फोन येतो, ‘उसळ तुम्ही आणताय ना?’ मी जरा वेळ घेतो. डायरी चाळल्याचा आवाज होईल असं काहीतरी करतो. मग विचारतो, ‘कुठली?’

समोरच्याला वाटतं उसळ म्हणजे मटकी, फार तर मूग. मग मी त्याला ऐकवतो. काळ्या वाटाण्याची, मालवणी वाटपाची, आंबोळीबरोबर. इस्लामपूर-कराडकडच्या ढाब्यांवर मिळतो तसा अख्खा मसूर, लसणीचा झणका दिलेला, रोटीबरोबर. गोव्याची अळसांद्यांची तोणाक, पावाबरोबर. ओल्या हरभऱ्याची म्हणजे सोलाण्याची, पण ती फक्त थंडीत. कोरेगावचा वाघ्या घेवडा, ज्याच्या अंगावर खरोखर पट्टे असतात आणि ज्याला भौगोलिक मानांकन आहे. (मानांकन घेवड्याला आहे, मला नाही, पण सांगताना माझा सूर असा लागतो की ऐकणाऱ्याचा घोटाळा व्हावा.) एवढं सगळं शांतपणे ऐकून समोरचा म्हणतो, ‘मटकीच आणा. मुलं खातात.’

उसळ करणाऱ्या पुरुषाला आणखी एक खोड असते. तो नुसता वाढत नाही, समजावूनही देतो. घरोघरच्या बायका ज्या गोष्टी न बोलता करत आल्या, त्यांची कारणं मी वाचून काढली आहेत, आणि पाहुण्यानं पहिला घास घेतला की मी सुरू होतो. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घालायचे नाहीत, कारण आंबटात दाण्यातलं पेक्टिन सैल होत नाही आणि दाणा अडून बसतो. आमच्या बोअरच्या पाण्यात छोले शिजता शिजत नाहीत, कारण त्यातलं कॅल्शियम त्याच पेक्टिनला आवळून धरतं. म्हणून आमच्याकडे माणसं टँकरच्या पाण्यानं आंघोळ करतात आणि छोले फिल्टरच्या. राजमा निदान 10 मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, मंद आचेवर नुसता गरम होत राहिला तर त्यातलं लेक्टिन जात नाही आणि पोट बिघडतं. भिजवलेलं पाणी का ओतून द्यायचं, तर रॅफिनोज नावाची साखर पचवायचं एन्झाइम माणसाला दिलेलंच नाही, ते काम मोठ्या आतड्यातले जंतू करतात, आणि करता करता वायू सोडतात. इथपर्यंत आलो की पाहुणा बहुधा ‘पुरे’ म्हणतो. उसळ पुरे की माहिती पुरे, हे मी विचारत नाही.

एवढं ज्ञान पाजळून झालं, तरी उसळीला त्यातलं काहीच लागत नाही. तिला लागतो शुक्रवार. रविवारी दुपारी वाल खायचे असतील तर शुक्रवारी रात्री ते भिजत पडले पाहिजेत, शनिवारी सकाळी उपसून, गणंग वेचून पंच्यात बांधले पाहिजेत, आणि रविवारी चहाची कपबशी विसळायच्या आत सोलायला घेतले पाहिजेत. पाहुणे दारात उभे राहिल्यावर उसळ सुचून उपयोग नाही. तेव्हा फक्त पिठलं सुचू शकतं.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत मसूर, कुळीथ, वाल यांचे जळके दाणे मिळाले. म्हणजे पुणे जिल्ह्यात वाल माझ्या आधीपासून आहेत, हे मला मान्य करावं लागतं. पाहुण्यांना कॅल्शियमवर व्याख्यान देणारा कुणी तिथे राहत होता का, याचा पुरावा सापडलेला नाही.

वालांबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलू द्या. संपादकांनी शब्दमर्यादा दिली आहे, पण ती वाल न सोलणाऱ्या माणसानं ठरवलेली दिसते.

कडवे वाल कोरडे असताना अगदी बारके असतात, बघून कुणाला वाटणार नाही की हे पुढे आपली रविवारची सकाळ खाणार आहेत. मोड आले की ते परातीत, कोमट पाण्यात घ्यायचे. मोडाच्या टोकाशी साल आपणहून फाटलेली असते. दुसऱ्या टोकाला अंगठ्यानं आणि तर्जनीनं बेताचा दाब द्यायचा, की आतली पिवळसर डाळिंबी सुळकन बाहेर येते. सगळी विद्या त्या ‘बेताचा’मध्ये आहे. दाब कमी पडला तर वाल आपल्याकडे नुसता बघत राहतो. जास्त झाला तर डाळिंबी उडते आणि फ्रिजखाली जाते. तिथे तिला ओलावा मिळाला तर रोप होतं, हे मी पाहिलं आहे. आणि मधल्यामध्ये कुठेतरी चुकला तर तिच्या दोन पाकळ्या चिमटीतच सुट्या होतात. ही मोडलेली डाळिंबी. ती पातेल्यात पडली की विरघळून रस दाट करते, जे वाईट नाही, पण जाणकार माणूस ताटात अख्ख्या डाळिंब्या शोधतो. अख्खी, मोडासकट वळलेली, शिजून बोटांत चेपली जाणारी आणि तरीही अख्खी.

एकट्यानं सोलायला बसलं तर वाल संपत नाहीत. कितीही सोलले तरी परातीत हात घातला की तितकेच लागतात. टीव्ही लावून सोलले तर थोड्या वेळानं साली डाळिंब्यांच्या भांड्यात आणि डाळिंब्या सालींच्या ढिगात जाऊ लागतात, आणि मग दोन्ही पुन्हा निवडावं लागतं. बायको मदतीला बसली तर काम झपाट्यानं होतं, पण विषय निघतात. एरवी वर्षभर टाळलेले विषय. तिच्या भावानं माझ्याकडून नेलेले पैसे, माझी शुगर, मुलाच्या लग्नाचं बघायचं की नाही. दोघांचेही हात कोपरापर्यंत ओले, त्यामुळे कुणालाच फोन आल्याचं निमित्त करून उठता येत नाही. समुपदेशकाकडे जाण्यापेक्षा अर्धा किलो वाल स्वस्त पडतात, असं माझं मत आहे. तिचं मत वेगळं आहे, तेही वाल सोलतानाच कळलं.

पुढचं सगळं सोपं. हिंग-जिऱ्याची फोडणी, ओलं खोबरं, गूळ, आणि डाळिंब्या मऊ झाल्यावरच आमसूल. सीकेपी मित्राकडे यालाच बिरडं म्हणतात, श्रावणी सोमवारी ते असतंच असतं, आणि ‘तुमच्या त्या गुळाच्या उसळीला’ तिथे फारशी किंमत नाही. खरं कुणाचं, यावर मी मत देत नाही. दोन्ही घरांत माझं जेवण आहे.

‘सोललेल्या मिळतात की बाजारात,’ असं आमचे चिरंजीव दर खेपेला सांगतात. मिळतात. दादरला, गिरगावात भाजीवाल्या मावश्या टोपलीमागे बसून सोलत असतात आणि तिथेच वाटे लावून विकतात. गिऱ्हाईक भाव करत असतं. भाव करण्याआधी एकदा त्यांचा उजवा अंगठा बघावा. नखाची कड काळसर पडलेली, पेराची कातडी पाण्यानं सुरकुतून पांढरी झालेली, आणि गिऱ्हाइकाशी बोलतानाही तो अंगठा थांबत नाही.

तर असा हा दोन दिवसांचा कारभार करून मी रविवारी ताटं मांडतो. भाचा बंटी येतो. तो व्यायामशाळेत जातो, खांद्यावरच्या पिशवीत पावडरचा डबा असतो. डाळिंबीची उसळ, भाकरी, भात, ताक असं सगळं बघून तो अतिशय आदरानं विचारतो, ‘मामा, मेन कोर्स काय आहे?’

मी त्याला सांगतो, बाबा रे, 100 ग्रॅम कोरड्या कडधान्यात 20 ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. तो म्हणतो, ‘पण मामा, ती कम्प्लीट नसतात. मेथिओनिन कमी असतं.’ बरोबर आहे, कमी असतं. धान्यात ते असतं आणि धान्यात जे लायसिन कमी पडतं ते उसळीत असतं; मग ही भाकरी काय मी शोभेला केली आहे? बंटी भाकरी खातो, उसळही खातो, आणि जाताना आजीसाठी आणि स्वतःसाठी रात्रीचं काहीतरी फोनवरून मागवून जातो. ते काहीतरी म्हणजे पनीर.

पनीरनं माझं व्यक्तिशः काही बिघडवलेलं नाही. पण लग्नाच्या बुफेत शाकाहारी म्हणजे एकच पनीर तीन रंगांच्या ग्रेव्हीत, हे कधी ठरलं? मटकी असतेच, पण कोपऱ्यात, कच्ची, वर डाळिंबाचे दाणे टाकून, ‘स्प्राउट चाट’ अशी पाटी लावून. संयुक्त राष्ट्रांनी 2016 हे कडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, दर 10 फेब्रुवारीला जागतिक कडधान्य दिन असतो. मी त्या दिवशी आठवणीनं स्टेटस ठेवतो. त्याला अंगठा येतो तो आमच्या किराणा दुकानदाराचा. आणि घरात कुणी जेवायला थांबला तर आपण काय म्हणतो? ‘आज विशेष काही नाही हं, साधी उसळच आहे.’ दोन दिवस जिच्या मागे गेले ती साधी, आणि वीस मिनिटांत स्कूटरवरून आलं ते विशेष!

हे मला फार उशिरा टोचायला लागलं. लहानपणी रात्री ओटा पुसून झाला की आई फळीवरच्या डब्यांसमोर उभी राहायची आणि विचारायची, ‘उद्याला काय भिजत घालू?’ आम्ही नुकते जेवून उठलेले. पोट भरलेल्या माणसाला उद्याची भूक दिसत नाही. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, ‘काहीही.’ आम्ही भावंडं अंथरुणातून ओरडायचो, ‘काहीही!’ ती थोडी थांबायची, कुणीतरी एखादं नाव घेईल म्हणून. मग आपणच एक डबा काढून मुठी मोजायची, माणशी एक आणि वर एक पातेल्याची. दुसऱ्या दिवशी ताटाकडे बघून आम्ही म्हणायचो, ‘परत चवळी?’

अख्ख्या घराची भूक आदल्या रात्री तिला एकटीला लागायची. आमची आम्हाला जेवायच्या वेळी लागायची, आयती. रॅफिनोज मला वाचून कळलं. ही गोष्ट मात्र स्वतः रात्री साडेदहाला डबे उघडून उभा राहिलो तेव्हा कळली. आणि हेही कळलं की तिनं रोज केलं त्याला आम्ही कधी काही नाव दिलं नाही, मी सणासुदीला करतो तर अख्खी सोसायटी फोन करते. याचा मला राग येतो. फोन आला की मात्र जातो.

आई आता आमच्याकडेच असते. बोटांचे सांधे धरतात म्हणून सोलायला बसत नाही, पण खुर्ची परातीजवळ ओढून घेते. मी सोललेली डाळिंबी तिच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पातेल्यात जात नाही. जेवताना पहिला घास झाला की मी तिच्या तोंडाकडे बघतो. ‘बरी झालीय,’ ती म्हणते. मग चमच्यानं रस जरा बाजूला सारते. ‘मोडल्यात पण.’

परवाच्या शुक्रवारी रात्री मी ठरवलं की आता हिशेब चुकता करायचा. फळीवरचे सगळे डबे काढून ओट्यावर मांडले. आई मालिका बघत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि, आवाजात पुरेसा गहिवर आणून, विचारलं, ‘आई, रविवारी काय खावंसं वाटतंय? वाल, मसूर, काळे वाटाणे, सगळं आहे. तू सांगशील ते भिजत घालतो.’ तिच्या डोळ्यांत पाणी येईल अशी माझी अपेक्षा होती. कमीत कमी टीव्हीचा आवाज तरी कमी होईल.

‘काही नको भिजवूस,’ ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. ‘तो बंटी मागवतो ना, लाल रश्श्यातलं. ते मागव.’

‘पनीर?’

‘हां, तेच. आणि ती लुसलुशीत पोळी असते त्याच्याबरोबर, ती.’

रविवारी मागवलं. बायकोनं माझ्याकडे बघणं टाळलं. आईनं बटर नानचा तुकडा मोडला, ग्रेव्हीत बुडवला, पनीरचा चौकोन त्यावर अलगद ठेवला आणि डोळे मिटून खाल्ला. पहिला घास झाला. मी सवयीनं तिच्या तोंडाकडे बघितलं.

‘वाल केले असते ना मी,’ न राहवून बोललोच.

‘जन्मभर वालच सोलले की रे,’ दुसरा तुकडा मोडत ती म्हणाली. ‘याला साल नसते.’