इंदिरानगरच्या खऱ्या गुंडांस, सप्रेम

इंदिरानगर, बेंगळूरू
ऐन पावसाळा

रा. रा. तथा सौ. गोगलगाय (शंखवाल्या आणि बिनशंखाच्या) यांसी,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मायन्यातच अडखळले, त्याबद्दल क्षमस्व. आपणांपैकी प्रत्येक व्यक्ती एकाच देहात वरही असते आणि वधूही. अशांना 'रा. रा.' लिहावं की 'सौ.', हे आमच्या पत्रलेखनाच्या पुस्तकांत सापडत नाही. म्हणून दोन्ही लिहून टाकलं. आपला वंशविस्तार पाहता 'अखंड सौभाग्यवती' म्हटलं तरी चालेल. तुमच्यातल्या आफ्रिकन शंखवाल्या एकेका खेपेला शंभर-दोनशे अंडी घालतात आणि वर्षातून अशा अनेक खेपा करतात. आमच्याकडे एका बारशाला हॉल मिळत नाही.

२०२१ साली एका जाहिरातीत आपल्या राहुल द्रविडने मोटारीच्या छतातून वर येऊन, बॅट परजत, आपण इंदिरानगरचा गुंडा असल्याचं जाहीर केलं. देशभर हशा पिकला. इंदूरला जन्मलेला, मराठी घरातला, जन्मभर सभ्य म्हणून ओळखला गेलेला माणूस असा ओरडतो, यातच गंमत होती. पण इथे राहणाऱ्या आम्हा बागवाल्यांना त्यातली चूक लगेच कळली. इंदिरानगरचा खरा गुंडा ओरडत नाही. तो रात्री जेवणं आटोपल्यावर निघतो, आवाज न करता कुंडी चढतो आणि पहाटे कामवाली यायच्या आत परत जातो. मागे राहते ती चकाकती रेघ. गोगलगाय आणि पोटात पाय, असं आमच्या पूर्वजांनी म्हणून ठेवलं, ते बहुधा त्यांच्या परसात कोणीतरी वेल लावली तेव्हा.

तर आता मूळ तक्रारीकडे येते. तक्रार मोरवेलीची, म्हणजे आमच्या देशी क्लेमाटिसची आहे.

क्लेमाटिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे विलायती कॅलेंडरावरची बशीएवढी जांभळी फुलं येतात. ती इथे लावण्याचा हट्ट आमच्या गल्लीत अनेकांनी करून पाहिला. त्या जातींना कडक थंडीत पानं गाळून झोपायचं असतं आणि बेंगळूरूचा हिवाळा म्हणजे स्वेटर मिरवण्यापुरता. वेल झोपत नाही, नीट फुलत नाही, शेवटी कंटाळून मरते. मी त्या वाटेला गेले नाही. क्लेमाटिसच्याच कुळातली आमची सह्याद्रीची मोरवेल असताना जायचं कशाला? पाऊस सरला की घाटातली झुडपं तिच्या पांढऱ्या फुलांनी झाकून जातात आणि फुलं झडली की प्रत्येक बीला रुपेरी पिसाची शेपटी फुटते. चोर्ला घाटाच्या अलीकडे एका नातलगांच्या कुंपणावरची फांदी माझ्याकडे आली. तिला मुळं फुटली, कोंब आले, आणि आपण आलात.

मला राग आपल्या भुकेचा नाही, आपल्या निवडीचा आहे. मोरवेलीच्या रसाने कातडीवर फोड येतात. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. निसर्गाने इतकी चोख तटबंदी केलेल्या वेलीचा नेमका सर्वांत कोवळा, पेन्सिलीच्या शिशाएवढा कोंब आपण जमिनीलगत कुरतडता आणि वरची सगळी वेल तशीच टाकून निघून जाता. खाल्लं असतं तर अन्नदान केलं म्हणून मनाची समजूत घातली असती. ही तर नासाडी आहे.

त्यातून क्लेमाटिसवर्गीय वेलींचा स्वभाव पाहा. या वेलींना डोकं उन्हात आणि पाय सावलीत लागतात. मुळांशी गारवा हवा, म्हणून पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. माती ओलसर हवी, पण तुंबलेली नको. रोप जरा खोल लावा, दोन डोळे मातीखाली जातील असं, म्हणजे वरचं काही गेलं तरी खालून फुटेल. आधाराला जाड बांबू देऊ नका, कारण ही वेल पानाच्या देठाने विळखा घालते आणि तो देठ बारीक काडीला किंवा सुतळीलाच पकडू शकतो. एवढं सगळं निगुतीने केल्यावर लक्षात येतं, की सुतळी वगळता ही सारी यादी आपलीच आहे. सावली, गारवा, ओल, पाचोळा! वेलीसाठी मांडलेल्या पाटावर आपण आधीच येऊन बसलेल्या असता.

आपण इथल्या नाहीत, असं म्हणून आपल्याला हाकलावं तर तीही सोय नाही. शहाजीराजांना हे शहर जहागिरीत मिळालं तेव्हापासून मराठी माणूस इथे बाहेरून आलेलाच आहे, तेव्हा आम्ही त्या विषयावर फार बोलत नाही. पण कागदपत्रं निघालीच आहेत तर आपलीही पाहू. आपल्यातल्या थोरल्या, म्हणजे मुठीएवढा शंख पाठीवर वागवणाऱ्या आफ्रिकन गोगलगायी भारतात आल्या त्या १८४७ साली. विल्यम बेन्सन नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याला शंखशिंपल्यांचा नाद होता. त्याने मॉरिशसहून आणलेला ऐवज कलकत्त्याला चौरंगीच्या एका बागेत सुटला आणि तिथून आपण देश पाहायला निघालात. त्याआधी सोळा वर्षं, १८३१ साली, गव्हर्नर जनरल राहिलेल्या ॲमहर्स्टसाहेबांच्या बाईसाहेबांनी हिमालयातली क्लेमाटिस माँटाना इंग्लंडला पोचवली होती. आज तिकडच्या घरांच्या भिंती दर वसंतात तिच्या फुलांनी भरतात. म्हणजे साहेबाने आमची वेल नेली आणि बदल्यात वेल खाणारी पाठवली. इतका वाईट सौदा फिरंग्यांशी व्यवहार करणाऱ्या कोणत्याही पेशव्याने केला नसेल.

धाकट्या पातीचं, म्हणजे बिनशंखाच्या, चपट्या, काळपट, पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेल्या आपल्या भावंडांचं मूळही आफ्रिकेतलंच मानतात. दिवसा त्या कुंडीच्या बुडाखाली इतक्या सपाट होऊन पडतात, की चामड्याचा तुकडा समजून माणूस त्यांना उचलायला जातो. नव्या रोपाबरोबर नर्सरीच्या लाल मातीतून आपली अंडीही घरपोच येतात, तीही फुकट. आमच्या गल्लीत दुसरं काहीच फुकट घरपोच येत नाही.

२०२२ हे साल मात्र आपल्या कुळाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवा. त्या मार्चमध्ये इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने जाहीर केलं, की यापुढे गोगलगायींना 'कीड' म्हणायचं नाही. पर्यावरणात त्यांचंही काम आहे, बागवाल्यांनी समजुतीने घ्यावं. त्याच महिन्याच्या अखेरीस ग्रेट ब्रिटनमध्ये गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्या उघड्यावर वापरायला बंदी आली, कारण त्या पक्ष्यांना आणि इतर प्राण्यांना मारतात. दोन्ही निर्णयांशी माझं भांडण नाही. इंदिरानगरात तर कुत्र्यांची संख्या पाहता त्या गोळ्या अंगणात टाकणं हा शुद्ध अविचार आहे. पण त्याच वर्षीच्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे आपल्या शंखी बहिणींनी सोयाबीनची दोन-दोन पानांवर आलेली शेतं रात्रीत साफ केली. शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली. पंचनामे झाले. लंडनला जिचं नाव किडींच्या यादीतून गळलं, तिच्या नावाने औशाच्या तलाठ्याला पंचनामा लिहावा लागला! आणि ब्रिटनने बंद केलेल्या त्याच गोळ्या इथे सल्ल्याच्या पत्रकात आल्या, कारण पेरलेलं शेत समजुतीने घेऊ शकत नाही. समजूतदारपणा परवडायला हातात दुसरं उत्पन्न लागतं. मला ते आहे. म्हणून मी पत्र लिहिते आहे. औशाचा शेतकरी पोती भिजवत होता.

त्या पोत्यांविषयी पुढे सांगते. आधी, आपल्याविरुद्ध इथे जे जे उपाय चालतात त्यांचा हिशेब देते, म्हणजे आपणही निर्धास्त व्हाल.

बिअरचा सापळा. वाटीत बिअर ओतून मातीत पुरायची, वासाने आपण यायचं, पडायचं, बुडायचं. आपल्याला खरं तर त्यातल्या यीस्टच्या वासाची ओढ. पण शंभर फुटी रस्त्यावर आणि बाराव्या मेनवर जी गर्दी रोज त्याच वासाने येते, तिच्यातलं कोणी बुडून मरताना मी पाहिलेलं नाही. येतात, पितात, रेघ ओढत परत जातात. आपल्यापैकीही पुष्कळजणी हेच करतात.

कॉफीचा चोथा. या गावात त्याची वाण नाही. हवाईतल्या संशोधकांनी २००२ साली 'नेचर'मध्ये लिहिलं, की एक-दोन टक्के कॅफीनच्या द्रावणाने गोगलगायी मरतात. हे वाचून आमच्या इमारतीत सगळ्यांनी फिल्टरमधला चोथा कुंड्यांत ओतला. कपातल्या कॉफीतही कॅफीन एक टक्क्याच्या जवळपास जात नाही, मग गाळून उरलेल्या चोथ्यात काय असणार? डिकॉक्शन आम्ही प्यायचं आणि मरायचं तुम्ही, असा न्याय कुठे असतो?

तांब्याची पट्टी, अंड्याची टरफलं, खडी. पुन्हा त्याच रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ साली लेट्यूसच्या रोपांभोवती तांबं, टरफलं, खडी, झाडाची साल आणि लोकरीच्या गोळ्या यांची कुंपणं घालून पाहिली. कुंपणातली आणि उघड्यावरची रोपं सारखीच खाल्ली गेली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू तरीही टरफलं टाकतात. शंखाला चुना लागतोच, तेव्हा तो आहेर समजून घ्यावा.

सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे उचलून शेजाऱ्याच्या कंपाउंडात फेकणं. याविषयी मला कोणाचं नाव घ्यायचं नाही. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या रूथ ब्रूक्स या हौशी आजीबाईंनी २०१० साली गोगलगायींच्या शंखांना नेलपॉलिशच्या खुणा केल्या, त्यांना दूर नेऊन सोडलं आणि त्यातल्या बऱ्याच परत घरी आलेल्या पाहिल्या. दहा-वीस मीटर ही काही हद्दपारी नव्हे. इथे दोन घरांमध्ये तेवढंही अंतर नसतं. म्हणजे आमच्या गल्लीत जे चाललं आहे ते निर्मूलन नाही. रोज रात्रीचं जाणं-येणं आहे.

आपला सगळ्यांत मोठा पराभव मी पाहिला तो मार्च २०२४ मध्ये, आणि त्यात आमचा काही पराक्रम नव्हता. शहराचं पाणी आटलं. पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी बागेला घालायला बंदी केली, पाच हजार रुपये दंड लावला. कुंड्या तडकल्या. शंखवाल्यांनी दारावर पडदा ओढून घेतला आणि झोपल्या, बिनशंखाच्या मातीत खोल उतरल्या. पाऊस येताच ताज्यातवान्या होऊन आपण वर आलात, आमची मात्र निम्मी बाग गेली होती. तहान सोसण्यात आपण आमच्यापेक्षा फार पुढे आहात, हे जाहीरपणे मान्य.

आता अटी.

पहिली, संध्याकाळी पाणी घालणं बंद. पाणी सकाळी, मातीशी. आपल्या निघण्याच्या वेळेला कट्टा कोरडा मिळेल. दुसरी, कोवळ्या कोंबाभोवती बुडखा कापलेल्या बाटलीचं कडं मातीत रोवलेलं असेल. बुंधा तपकिरी आणि टणक झाला, की ते काढलं जाईल. त्यानंतर बुंधा आपल्या दातांना दाद देत नाही, खालची चार पानं खुशाल घ्या. आवारातल्या भारद्वाजाला मी उडवून लावणार नाही. त्याचं दर्शन आमच्यात शुभ मानतात आणि आपण त्याचा आवडता घास, तेव्हा उभयपक्षी शुभ म्हणायला हरकत नाही. मीठ मात्र मी कुंडीत टाकणार नाही, मातीने काय घोडं मारलं आहे?

शेवटची अट निवासव्यवस्थेची. मराठवाड्यात शेतकरी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी शेतात पसरतात. सकाळी त्याखाली जमलेल्यांना वेचतात आणि साबणाच्या पाण्यात बुडवतात. एवढा साधा आणि इतका खात्रीचा उपाय मला कुठल्या इंग्रजी पुस्तकात मिळाला नाही. माझ्याकडे पोतं नाही, जुनं मंगळुरी कौल आहे. मोरवेलीच्या मुळाशी ते पालथं टाकलं आहे. वेलीच्या पायांना सावली होते आणि आपल्यालाही रात्रीच्या फेरीनंतर टेकायला गार, अंधारी जागा. अवश्य उतरावं. रोज सकाळी हातमोजे घालून मी भेटीला येईनच. हातमोजे अपमानासाठी नाहीत. उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी आपल्या अंगातून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो, म्हणून. सोबत बादलीही असेल.

कळावे. लोभ असावा, कोंबाचा नसावा.

आपली,
तळमजल्यावरची

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या दुपायी शेजाऱ्यांस: नवी कुंडी आणाल तेव्हा बूड उलटून, वरची माती उकरून पाहा. मोत्यांसारखी अंडी दिसली तर चिरडा. आणि कृपा करून भिंतीपलीकडे फेकू नका, पलीकडे मी राहते.