बेट रिकामं करून बदललेला कायदा

अँटिग्वा म्हटलं की आपल्याला व्हिव रिचर्ड्स आठवतो, अलीकडे मेहुल चोक्सी. त्याच देशातलं दुसरं बेट म्हणजे बार्बुडा. जेमतेम 160 चौरस किलोमीटरचं, दोनेक हजारांहून कमी वस्तीचं. जमीन राखणारा एक चांगला कायदा तिथे होता. तो ज्या वेळी आणि ज्या रीतीने मोडला गेला, त्याचा मला संताप येतो.

1685 ते 1870 हे बेट इंग्रज कॉड्रिंग्टन घराण्याकडे भाडेपट्ट्याने होतं. 1834 मध्ये गुलामगिरी संपली, पण राबणारे तिथेच राहिले आणि त्यांनी जमीन सामाईक ठेवली. वस्ती एका गावात, बाकी सगळं मोकळं रान. झुडपं तोडायची, काही हंगाम पीक काढायचं, मग तो तुकडा पडीक टाकून पुढे सरकायचं. शेळ्या-मेंढ्यांना चरायला सारं बेट मोकळं. पश्चिमेच्या खाऱ्या लगूनमध्ये खारफुटीवर हजारो फ्रिगेट पक्षी घरटी करतात. विणीच्या दिवसांत नर गळ्याची लालभडक पिशवी फुग्यासारखी फुगवून बसतात. हे सगळं टिकलं, कारण इथली जमीन कुणाला विकता येत नव्हती.

2007 च्या बार्बुडा जमीन कायद्याने ही वहिवाट कागदावर आणली. जमीन सर्व बार्बुडावासीयांच्या सामाईक मालकीची, विक्री बंद. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला घरासाठी, शेती वा चराईसाठी आणि धंद्यासाठी तुकडा मिळण्याचा हक्क. मोठा प्रकल्प आणायचा तर बहुसंख्य रहिवाशांची संमती हवी. कलमं साधी होती, पण बिल्डरची झोप उडवणारी होती.

मग पळवाटा सुरू झाल्या. 2015 मध्ये अभिनेता रॉबर्ट डी नीरोच्या हॉटेल प्रकल्पासाठी वेगळा कायदाच केला गेला आणि त्या प्रकल्पाला 2007 च्या कायद्यातून सूट मिळाली. एका गुंतवणूकदारासाठी स्वतंत्र कायदा होतो, तिथेच सरकारची नियत कळते.

6 सप्टेंबर 2017 ला इर्मा चक्रीवादळ बेटावर आदळलं. जवळजवळ प्रत्येक घराची पडझड झाली, एक लहान मूल गेलं. दुसरं वादळ येतंय म्हणून सगळ्यांना अँटिग्वात हलवलं. तेवढं योग्यच होतं. पण लोक छावण्यांत असतानाच इकडे बुलडोझर विमानतळासाठी जंगल साफ करू लागले, आणि त्याच डिसेंबरात कायदा बदलायचं विधेयक संसदेत आलं. जानेवारी 2018 पर्यंत ते मंजूरही झालं. सामाईक मालकी संपली. ज्यांच्या संमतीवर सगळा कायदा उभा होता, ती माणसं डोक्यावर छप्पर शोधत होती.

पंतप्रधान गॅस्टन ब्राऊन यांचं म्हणणं असं की, मालकीचा कागद हाती आला की घरबांधणीला बँक कर्ज देईल. एका डॉलरात जमीन देऊ. कर्जाची गरज खरी आहे. पण घर पडलेल्या माणसाच्या हाती विकता येणारा कागद दिला, तर पुढच्या अडचणीत पहिली जमीनच जाते. घरं बांधायला मदत हवी होती, तर ती थेट द्यायची. त्यासाठी सामाईक जमीन मोडायची काय गरज होती?

2022 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे या देशाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, निकाल दिला की, बार्बुडावासीयांचा हा हक्क राज्यघटनेने संरक्षण दिलेल्या मालमत्तेत बसत नाही. पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट अशी एका निकालात निराधार झाली. मला तो निकाल पटत नाही.

लोक मात्र हटलेले नाहीत. विमानतळाच्या परवानगीला आव्हान द्यायचा हक्क दोन रहिवाशांना आहे, असं त्याच कौन्सिलने फेब्रुवारी 2024 मध्ये मान्य केलं. तोवर धावपट्टी तयार झाली होती. त्याच वर्षी विमानतळ सुरूही झाला. आता करण्यासारखं एकच आहे: 2007 चं संमतीचं कलम परत आणा, आणि या वेळी ते राज्यघटनेतच घाला.