बूड टेकू नका

माळेगाव बुद्रुकला चढ नाही. नीरा डाव्या कालव्याचा भराव आणि कारखान्याचं धुराडं सोडलं तर मान वर करून बघावं असं काही नाही. उसाचा भाव वर जातो म्हणतात, पण तो बघायला फार वेळ मान वर ठेवावी लागते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास ऐसपैस पसरलेलं बागायती गाव आमचं. पायाला दोन फळ्या बांधून बर्फावरून घसरायची हौस अशा गावातल्या माणसाला असायचं कारणच नाही. ती आमच्या भाच्याला होती.

भाचा झुरिकला नोकरीला. त्यानं आईवडिलांना, म्हणजे आमच्या आक्काला आणि दाजींना बोलावलं आणि सोबतीला मामा-मामींनाही. पण अट घातली. "मामा, फिरत्या केबिनीत बसून वर जायचं, शाहरुख-काजोलच्या पुठ्ठ्याशेजारी फोटो काढायचा, दशम्या खायच्या आणि खाली यायचं, असलं करायचं असेल तर मे महिन्यात टूरवाल्याबरोबर या. माझ्याकडं यायचं तर फेब्रुवारीत या आणि स्की शिका."

टिटलिसची ती फिरती केबिन १९९२ सालची आणि वरचं स्टेशन ३०२० मीटरवर. तिथं आपल्याकडची इतकी माणसं गेलीत की सगळ्यांच्या दिवाणखान्यात तोच फोटो आहे, फक्त कानटोप्या वेगळ्या. भाच्याचं म्हणणं रास्त होतं. अडचण फेब्रुवारीची होती. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम. दाजींचा इंदापूरकडचा खोडवा उभा, ऊसतोड टोळीचा पत्ता नाही आणि कारखान्याचा चिटबॉय म्हणतो, "आज-उद्यात येतीय तोड." हे आज-उद्या दिवाळीपासून चाललं होतं. शेवटी दाजींनी चिटबॉयला बजावलं, "मी आल्प्सला चाललोय, पण फोन चालू हाय." ह्या फोनचं पुढं काय झालं ते येईलच.

मुक्काम टिटलिसच्या पायथ्याला, एंगेलबर्गला. ११२० साली स्थापन झालेला मठ, भोवती डोंगर, आणि डोंगरभर तारा. बर्फाच्या सुट्टीची माहिती सांगणारे सगळे खाली कसं यायचं ते सांगतात. खाली यायला शिकावं लागतं हे खरं, पण त्यात निम्मं काम डोंगरच करतो. खरी परीक्षा वर जाण्यात असते, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तो मी काढतो.

आधी दुकान. भाड्यानं स्की घेताना तिथला पोरगा वय, उंची, वजन आणि येतं किती ते विचारतो. हा चोंबडेपणा नव्हे. पडल्यावर बुटातून फळी नेमक्या किती जोराला सुटायची, ते ह्यावरून तो स्क्रू पिळून ठरवतो. फळी सुटली नाही तर गुडघा सुटतो. आक्कानं वजन सांगताना आम्हा सगळ्यांना दुकानाबाहेर काढलं, पण सांगितलं खरं. दाजींनी चारचौघांत सांगितलं आणि लग्नातलं सांगितलं. परिणामी दाजी शिंकले तरी त्यांची फळी सुटायची. विम्याचंही इथंच उरकतो: व्हिसासाठी तीस हजार युरोंचा विमा काढावाच लागतो, पण त्यात स्कीइंग धरलेलं असतंच असं नाही. बारीक अक्षरं भारतात असतानाच वाचा, कारण जखमीला डोंगरावरून हेलिकॉप्टरनं उतरवतात आणि हेलिकॉप्टरवाला उधारी लिहून ठेवत नाही.

शिकाऊ माणसांसाठी ट्रुबझे नावाच्या तळ्याकाठी सौम्य उतार आहे. सौम्य म्हणजे काय, तर ती जागा सतराशे मीटरच्या वर आहे, आपलं कळसूबाई १६४६. पोरांच्या बालवाडीतच आपण महाराष्ट्राच्या डोक्यावर उभे असतो. तिथं पहिली लिफ्ट म्हणजे जमिनीलगत सरकणारा रबरी पट्टा. त्याला तिकडं जादूचा गालिचा म्हणतात. दाजी बघताच थबकले. "आरं, ही तर गव्हाण!"

आता कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते, पट्ट्यावरून वर चढते आणि पुढं तिचं काय होतं ते आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इथं मोळी आपणच. दाजींनी हंगामाच्या पहिल्या मोळीला जोडतात तसे हात जोडले आणि पाऊल टाकलं. ह्या पट्ट्यावर फळ्या सरळ ठेवायच्या, चालायचं नाही, आणि वर पोचलं की मागं कोण आलं ते न बघता बाजूला व्हायचं. दाजी वर पोचून देखावा बघत थांबले. मागून आलेली पाच-सहा स्विस बालकं त्यांच्यावर रचली गेली. गाळप बंद.

दुसरी लिफ्ट टी-बार, आणि मराठी माणसाचा घात करायला हिच्यासारखी दुसरी नाही. एर्न्स्ट कोन्स्टाम नावाच्या इंजिनिअरनं १९३४ च्या डिसेंबरात दावोसला दोरानं ओढणारी लिफ्ट चालू केली, तिच्या वंशातली ही. वरून तार फिरते, तिला स्प्रिंगच्या पेटीतून लोंबणारा दोर, दोराला उलट्या टीचा दांडा. दोघांनी शेजारी उभं राहायचं, दांडा बुडाखाली घ्यायचा आणि ताठ उभं राहायचं. ती आपल्याला ढकलत वर नेते. सगळी मेख उभं राहण्यात आहे. भाच्यानं वडिलांना बारा वेळा सांगितलं, "आण्णा, बसायचं नाही. टेकायचं नाही." पण आपल्याकडं बुडाखाली काही आलं की माणूस बसतो, ते आसन आहे की पारावरचा दगड, हे नंतर बघतो. दाजी बसले. स्प्रिंगचा दोर त्यांच्याबरोबर शांतपणे खाली आला आणि दाजी बर्फावर.

शेजारी आक्का होती. उंचीत वीतभर फरक, त्यामुळे दांडा आक्काच्या कमरेला आणि दाजींच्या मांडीला. आक्का एकटी तशीच ताठ उभी वर निघून गेली. मागं वळूनही बघितलं नाही. पडल्यावर दांडा सोडून द्यायचा आणि सरपटत वाटेतून बाजूला व्हायचं, हा नियम. दाजींनी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पोटावर ओढले गेले. मी ओरडतोय, "दाजी, सोडा की त्यो!" दाजी म्हणतात, "सुटला तर परत मिळायचा न्हाय!" एसटीच्या दांडीवर तयार झालेला हात तो, असा थोडाच सुटतो. अखेर केबिनीतल्या माणसानं बटण दाबून लिफ्ट थांबवली. तो हसला नाही, ह्याचं मला फार कौतुक वाटलं.

तिसरी चेअरलिफ्ट. ही अमेरिकेत १९३६ साली सन व्हॅलीला सुरू झाली. रेल्वेचा इंजिनिअर जिम करन ह्यानं आधी जहाजात केळीचे घड चढवायच्या यंत्रावर काम केलं होतं. त्यानं घड अडकवायचे आकडे काढून तिथं खुर्च्या लावल्या. हे कळल्यावर दाजींना एकदम धीर आला, कारण त्यांची केळीची बाग आहे. "माल खराब न होता वर जातोय म्हणजे जमतंय की!"

इथं मात्र बसायचं असतं, म्हणून दाजी खूश. फाटकात पास आपोआप वाचला जातो, पण तो डाव्या खिशात हवा आणि त्याच खिशात मोबाइल नको. दाजींच्या त्या खिशात मोबाइल, तंबाखूची पुडी आणि किल्ल्यांचा जुडगा. फाटक काही केल्या उघडेना. फेब्रुवारीत तिकडच्या शाळांना बर्फाच्या सुट्ट्या असतात, त्यामुळे मागं रांग वळसा घालून गेलेली. (सकाळी लिफ्ट उघडताच जावं, नाहीतर सगळे जेवायला बसल्यावर. शनिवारी जाऊच नये.) पाठीवरची सॅक पुढं घेतली, काठ्या एका हातात धरल्या, मागं बघत खुर्चीवर टेकलो, अडसर खाली ओढला, आणि निघालो. पाय लोंबताहेत, खाली पाइनची झाडं, सगळीकडं शांतता. आणि दाजींचा फोन वाजला.

चिटबॉय. तोड आली होती.

हातमोजा काढला तो खाली गेला. चेअरलिफ्टवरून पडलेली वस्तू परत मागायची नसते. दाजी सांगताहेत, "ट्रॅक्टर वरच्या बांधानं घाल, पाट फोडू नको..." समोर उतरायची जागा आली. अडसर वर करायचा, फळ्यांची टोकं उचलायची, पाय लागले की उठायचं आणि सरळ पुढं घसरत जागा मोकळी करायची. मी उतरलो, मंडळीही उतरल्या. दाजी बसूनच. जो उतरत नाही त्याच्या पायांनी पुढची दांडी ढकलली जाते आणि लिफ्ट बंद पडते, अशी तिथं सोय असते. पडली. खाली दरीवर अख्खी रांग लोंबकळत राहिली. दाजी फोनवर म्हणत होते, "न्हाय न्हाय, बोल तू. हितं लाइट गेलीय."

दुसऱ्या दिवशी वारं सुटलं आणि वरच्या लिफ्टा बंद. ह्याला इलाज नाही. पासाचे पैसे परत मिळतात की नाही, ते आदल्या दिवशी विचारून ठेवावं. पुढच्या वेळी आधी गुलमर्गला शिकावं म्हणतो. तिथली गोंडोला दोन टप्प्यांत अफरवतवर चार हजार मीटरच्या जवळ नेते, पण खालच्या उतारावर शिकता येतं आणि ओरडायला हिंदी चालतं. औलीचं मनात होतं, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली आणि तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला.

शिकलं कोण, तर आक्का. टी-बारवर ती एकदाही बसली नाही. चाळीस वर्षांच्या संसारात बसायची सवयच लागली नव्हती, तर तिथं काय बसणार! शेवटच्या दिवशी ती निळ्या खुणांच्या सोप्या वाटेवरून स्वेटरवर शाल पिनांनी घट्ट करून खाली येत होती आणि परत वर जात होती. मंडळींनी तिकीटबारीवर बायकांना अर्धं तिकीट आहे का, ते विचारून घेतलं. नाही.

शेवटची लिफ्ट चारच्या सुमाराला. ती चुकली तर कधी कधी भलत्याच खोऱ्यात उतरायची पाळी येते आणि टॅक्सीत खोडव्याची पट्टी जाते. पावणेचारला आम्ही परतीच्या गोंडोलाशी जमलो. स्की येत नसेल तर गोंडोलानं खाली यायला तिथं कुणी हसत नाही, दाजी रोज तसेच यायचे. आक्का मात्र परत टी-बारच्या रांगेत.

"तिला सांग रे," दाजी भाच्याला म्हणाले, "गावाकडनं फोन आलाय, तोड आलीय म्हणून."

भाचा गेला आणि परत आला. "आई म्हणती, ती कालच येऊन गेली. तुम्ही व्हा पुढं, आणि जाताना दूध घेऊन जा."